आवाज वाढव, मला बोलायचंय

"कुंदे, आवाज वाढव जरा, मला बोलायचंय!"

बेबीआत्याचं हे वाक्य आमच्या घरात कुणालाच विचित्र वाटत नसे. बाकीच्या जगात बोलायचं असलं की लोक गाणं बारीक करतात. आमच्या रोह्याच्या घरात ते मोठं करावं लागे. घर जुनं, कौलारू. खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत गेलेल्याच नव्हत्या, डोक्याच्या थोड्या वर जाऊन थांबलेल्या. त्यांच्या वर सगळं घर एकच. स्वयंपाकघरात कुणी कपाळावर हात मारला तरी ओटीवर ऐकू यायचं.

"आत्या, पाहुणे अजून गल्लीतसुद्धा शिरले नाहीत. आत्ता कसलं गुपित?"

"म्हणूनच आत्ता. दादा ओटीवर आहे ना?" तिने आवाज खाली आणला. बेबीआत्याने आवाज खाली आणला की तो इतरांच्या नेहमीच्या आवाजाएवढा होई. ती तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण, गावातच दिलेली, साठीला टेकलेली, पण नाव बेबी ते बेबीच.

मी माजघरात जाऊन गाण्याच्या यंत्राचं बटण किंचित फिरवलं. चारही स्पीकरांतून सनई थोडी वर चढली.

"हं. आता सांग," आत्या खिमा पॅटिस वळता वळता म्हणाली. "या मुलाला हो म्हणणार आहेस, की याचंही काहीतरी खुसपट काढणार?"

मी बशा पुसायला घेतल्या.

"मागचा घोरत असेल म्हणालीस. झोपलेला पाहिला होतास का त्याला? त्याच्या आधीचा म्हणे पाय फार आपटत चालतो. बाई गं, लष्करातला होता तो!"

खरं कारण तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. खरं कारण ओटीवर आरामखुर्चीत डोळे मिटून पडलं होतं. मी गेले तर तात्या एकटे पडणार. आणि या वेळची पंचाईत अशी की येणारा माणूस मला मनापासून आवडला होता.

उल्हास मथुरे धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्यांच्या कारखान्याचा फोन सारखा बंद पडायचा आणि तक्रार घेऊन तो यायचा. पुढे पुढे फोन चालू असतानाही तक्रार घेऊन यायला लागला. माझ्या सगळ्या मैत्रिणी त्याला 'डेड लाइन' म्हणायच्या. मग एक दिवस त्याने सांगितलं की त्याची बदली नागपूरला झाली आहे, आणि जाण्याआधी त्याला आईला घेऊन आमच्याकडे यायचंय. "रविवारी काय ते सांगते," मी म्हटलं होतं. नागपूर! रोह्याहून नागपूर म्हणजे त्या काळी दुसरा देशच. नाही म्हणायचं हे मी शनिवारीच ठरवून टाकलं आणि रात्रभर उशी ओली केली.

आई होती तेव्हा आमच्याकडे दिवसभर रेडिओ चालू असे. ती गेली, आणि तात्यांनी रेडिओ पुसून कपाटावर ठेवून दिला. घर इतकं गप्प झालं की कौलांवरून खार पळाली तरी मी दचकायची. तात्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सारा जन्म भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेलेला. गावातली माणसं त्यांना चेहऱ्यापेक्षा आवाजाने ओळखायची. असा माणूस निवृत्त झाला, बायको गेली, आणि तोंड मिटून ओटीवर बसायला लागला. दुपारी वाचनालयात जायचे ते दिवेलागणीला परतायचे. पेपर वाचायला एवढा वेळ लागतो होय? मला वाटे, घर खायला उठतं म्हणून जातात. माझा जीव तुटायचा.

त्याच सुमारास मस्कतहून आलेल्या मामाने एक खोकं आमच्याकडे टाकलं. वर लिहिलेलं, रिसीव्हर. आमच्या एक्स्चेंजात रिसीव्हर म्हणजे फोनचा कानाला लावायचा भाग. तात्यांनी खोकं उचलून पाहिलं आणि म्हणाले, "एवढा जड फोन कोण उचलणार?" आत निघालं रेडिओ आणि कॅसेटचं काळं यंत्र, त्याच्याबरोबर दोन स्पीकर. मामाकडचेच आणखी दोन मी मागून आणले. वायर आणली, स्टुलावर चढले, खिळे ठोकले. एक स्पीकर ओटीवर, एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या पडवीत. चारही स्पीकरांच्या लाल तारा एकत्र पिळल्या, काळ्या एकत्र पिळल्या आणि यंत्राच्या पाठीत खुपसल्या. वाजलं! तात्या कुठेही असले तरी गाणं त्यांच्या मागे जाणार होतं. कामावर जाताना मी बटण दाबून जायची, मी परतेपर्यंत घर बोलत राहायचं. आवाज अगदी बारीक, पण अखंड.

तात्यांनी तेव्हा चारही खोल्यांत फिरून पाहिलं होतं. "वा," म्हणाले. "सगळीकडे येतंय." स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर तर त्यांनी एक जाड टॉवेल बांधला, फोडणीचा धूर लागू नये म्हणून. त्यांची ती काळजी पाहून मला भरून आलं होतं.

तर त्या रविवारी पाहुणे आले. उल्हास आणि त्याची आई, दोघंच. मथुरेबाई पनवेलला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. इस्त्रीची सुती साडी, काळ्या दोरीचा चष्मा, आणि समोरच्याने पूर्ण वाक्य बोलेपर्यंत थांबायची सवय. या सवयीमुळे समोरच्याचा अर्धा जीव जातो. मी पॅटिसच्या बशा नेल्या. तात्यांनी प्रवास कसा झाला, कुठल्या गाडीने आलात, ती गाडी वेळेवर सुटली का, हे सगळं विचारून घेतलं. सनई मागे मंद चालली होती.

"छान आहे हो तुमच्याकडे," मथुरेबाई वर बघत म्हणाल्या. "ओटीवरही तेच, इथेही तेच. एकाच यंत्रावर?"

"आमच्या कुंदाने केलंय," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला तो अभिमान वाटला.

एवढ्यात सनई अचानक चढली. बेबीआत्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि तिने माजघरात येऊन बटण स्वतःच फिरवलं होतं. चांगलं अर्ध्याहून पुढे. कौलं थरथरली. स्वयंपाकघरात आत्या शेजारच्या सुळेकाकूंना काही सांगत असणार, कारण काकू पॅटिस तळायला मदतीला आल्या होत्या.

आणि माजघरात यंत्र म्हणालं, टक्.

सगळे स्पीकर एका क्षणात बंद. त्या शांततेत, भिंतींच्या वरून, आत्याचा ठणठणीत आवाज आला. "नाक जरा जास्तच पुढे आहे, पण माणूस बरा दिसतो!"

स्वयंपाकघरात कढईसुद्धा गप्प झाली. उल्हासने नकळत नाकाला हात लावला. मी बशीकडे बघत राहिले.

"नाक त्याच्या वडिलांचं," मथुरेबाई शांतपणे भिंतीच्या दिशेने म्हणाल्या. "बरेपणा माझ्याकडचा."

मी धावत माजघरात गेले. यंत्रावर हात ठेवला तर चटका बसला. बंद केलं, जरा थांबले, पुन्हा लावलं. वाजू लागलं. "आत्या, त्याला हात लावू नकोस," मी दातओठ खाऊन कुजबुजले. "नाही गं बाई, आता काय बिशाद," ती म्हणाली आणि सुळेकाकूंच्या पाठीवर थाप मारून तोंडात पदर कोंबून हसत बसली.

चहा झाला. मग रीतीप्रमाणे मथुरेबाई म्हणाल्या, "दोघांना जरा बोलू द्या." आम्ही मागच्या पडवीत गेलो. परसात केळी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि डोक्यावर स्पीकर.

"रविवार आला," उल्हास म्हणाला.

"हो."

"मग?"

मी दोन-चार वेळा सुरुवात केली. त्याला नागपूरच्या उन्हाबद्दल विचारलं. तो म्हणाला, ऊन आहे. त्याला घर कसं आहे विचारलं. तो म्हणाला, मोठं आहे, तुमच्या तात्यांनाही खोली आहे. तिथेच मी केळींकडे तोंड फिरवलं, कारण तात्या रोहा सोडून कुठेही येणार नव्हते आणि हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने खोली धरली होती.

"तसं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला आमचं घर माहीत नाही. आई गेल्यापासून तात्यांना..."

आणि डोक्यावरचा स्पीकर कडाडला. आत आत्याने न राहवून पुन्हा बटण फिरवलं असणार.

"काय?" उल्हासने कानाला हात लावला.

"तात्यांना, म्हटलं, आई गेल्यापासून..."

"ऐकू येत नाही!"

आता माझा संयम संपला. नाही म्हणायचं, तेही आवडलेल्या माणसाला, तेही सनईवर मात करून! मी छाती भरून ओरडले, "तात्यांना एकटं राहवत नाही!"

टक्.

माझं वाक्य शांत झालेल्या घरातून घुमत गेलं. पण ते एकटं गेलं नाही. नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरातून तात्यांचा आवाज उठला होता, गाड्या पुकारणारा, फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा. "अगं बेबे, दोन वर्षं झाली, हिने मला एक मिनिट एकटं राहू दिलेलं नाही!"

दोन्ही वाक्यं कौलांखाली एकमेकांवर आपटली. परसातला कावळाही ओरडायचा थांबला.

बाहेरच्या खोलीतून मथुरेबाईंचा आवाज आला. "दोघं एकदम बोललात. मला नीट कळलं नाही. एकेकाने सांगा."

मी पडवीतून आत आले, तात्या स्वयंपाकघरातून बाहेर आले. आम्ही माजघरात, त्या गरम यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मला वाईट वाटलं. का खोटं बोलू, फार वाईट वाटलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

"तात्या, तुम्हाला गाणी आवडत नाहीत?"

"आवडतात गं." ते पंच्याने मान पुसायला लागले. "पण सकाळपासून रात्रीपर्यंत? ओटीवर बसलो तर ओटीवर, जेवायला बसलो तर ताटाशी. परसात भाजीला पाणी घालायला गेलो तर तिथेही डोक्यावर. अगं, जन्मभर भोंग्यात बोललो मी. निवृत्त झालो तेव्हा तुझ्या आईला म्हटलं होतं, आता नुसता गप्प बसणार आहे. ती म्हणाली, मी रेडिओ लावणार आहे. मग म्हटलं, बरं बाई, तू आहेस तोवर चालू दे."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"कसं सांगू? तू स्टुलावर चढून खिळे ठोकलेस. बोट ठेचून घेतलंस. मला वाटलं, आई गेल्यावर तुला घर सुनं वाटतं, तुला आवाज लागतो. म्हटलं, पोरीला लागतं तर वाजू दे."

"मला?" माझा आवाज चिरकला. "मी दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची हॅलो हॅलो ऐकते, तात्या! घरी आल्यावर मला कुणी हाक मारलेलीसुद्धा नको असते. मी तुमच्यासाठी लावत होते!"

तात्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"आणि तो टॉवेल?" मी विचारलं.

"आवाज दबायला."

"आणि वाचनालय?"

"तिथे पाटी आहे ना," ते खजील होऊन म्हणाले, "शांतता पाळा अशी."

बेबीआत्या दारात पॅटिसचं ताट धरून उभी होती. "थांबा," ती म्हणाली. "याला नको होतं. हिला नको होतं. मग दोन वर्षं ऐकत कोण होतं?"

कुंपणापलीकडून सुळेकाकांचा आवाज आला. "अहो, सनई का थांबली? आत्ता कुठे रंगात आली होती!"

पहिल्यांदा हसल्या त्या मथुरेबाई. मग उल्हास. मग तात्या, इतके की त्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागला आणि चटका बसून हात काढावा लागला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही खरं होतं.

हसू ओसरल्यावर तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी एकटा राहायला घाबरत नाही, कुंदे. माझ्यासाठी म्हणून तू थांबशील, याला घाबरतो. आत्ता बेबीला तेच सांगायला गेलो होतो."

मी पदराने डोळे पुसले. मथुरेबाईंनी ते पाहिलं असावं. त्या पुढे आल्या आणि चष्मा सारखा करून यंत्राकडे वाकल्या.

"हे नेहमी इतकं गरम होतं?"

"हो. मांजर झोपतं त्यावर."

"म्हणजे मांजराला कळलं होतं. जोडणी कशी केलीस?"

"सगळ्या लाल लालला, काळ्या काळ्याला."

"म्हणजे?"

मला एकदम नववी-दहावीचा वर्ग आठवला. मी हात मागे बांधले. "समांतर जोडणी, बाई."

"समांतर जोडणीत रोध वाढतो की कमी होतो?"

"कमी होतो."

"एकेक स्पीकर आठ ओहमचा. चार समांतर. किती?"

"दोन."

"उल्हास, पाठीवर काय लिहिलंय बघ."

उल्हास जमिनीवर आडवा होऊन यंत्राच्या मागे शिरला. "चार ते सोळा ओहम."

"झालं तर, दोन म्हणजे चारच्याही खाली. बारीक आवाजात बिचारं कसंबसं निभावतं. मोठं केलं की जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. यंत्र शहाणं आहे." त्यांनी पदर खोचला. "दोन-दोनच्या जोड्या कर. जोडीतले दोन एकसर, एकामागे एक, आठ आणि आठ सोळा. मग दोन्ही जोड्या समांतर. किती?"

"आठ," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, मला फार बरं वाटलं.

मग मी स्टुलावर, उल्हास तारांची टोकं दातांनी सोलतोय, मथुरेबाई खालून सूचना देताहेत आणि आत्या सगळ्यांच्या तोंडात पॅटिस भरवतेय, असा आमचा दाखवण्याचा कार्यक्रम पार पडला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, कुणी काही विचारलं नाही. शेवटची तार पिळल्यावर बाई म्हणाल्या, "लाव. आणि बेबीताई, वाढवा तुम्हाला हवं तेवढं."

आत्याने बटण पार पुढे नेलं. सुळेकाकांच्या घरातून "वाहवा!" ऐकू आलं. यंत्र काही टक् म्हणालं नाही.

मी आवाज पुन्हा बारीक केला. उल्हास हात पुसत माझ्याकडे बघत होता. त्याला उत्तर मिळालं नव्हतं, आणि तो विचारतही नव्हता. तात्याही कुणाकडे न बघता उभे होते.

मी तात्यांचा हात धरला आणि त्यांना यंत्रासमोर नेलं. त्यांचं बोट घेऊन डाव्या बाजूच्या चौकोनी बटणावर ठेवलं. दोन वर्षांत मी हे त्यांना कधी दाखवलंच नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हे बंद करायचं," मी म्हटलं.

"आणि लावायचं?"

"तेच. पुन्हा दाबायचं. मी नसले तरी जमेल तुम्हाला."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उल्हासकडे. मग त्यांनी बोट दाबलं आणि घर शांत झालं. आपल्या घराची शांतता मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली. चुलीवर चहाचं आधण कुजबुजत होतं. उल्हासने सुटकेचा निश्वास टाकला, तोही चारही खोल्यांत ऐकू गेला.

"तारीख कधीची काढायची?" आत्याने विचारलं. आयुष्यात प्रथमच ती खरोखर हळू आवाजात बोलली.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं रोह्याला आलो. रिक्षा आमच्या गल्लीत वळली आणि कौलांखालून, ओटीवरून, परसातून एकदम सनई सुरू झाली, पूर्ण आवाजात. सुळेकाकू धावत कुंपणाशी आल्या. चार घरांची माणसं बाहेर आली. तात्या ओटीच्या पायरीवर ताठ उभे होते, स्टँडवर उभे राहायचे तसे.

"तात्या, हे काय?" मी रिक्षातून उतरत ओरडले. "तुम्हाला तर आवाज नको असतो ना?"

"गाडी आली की पुकारावी लागते," ते म्हणाले. "माझी नोकरीच ती."

मी पायऱ्या चढून वर आले, त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत गेले आणि बटण दाबलं. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. उल्हास सामान आत नेत होता. आम्ही बापलेक दिवे लागेपर्यंत ओटीवर बसून राहिलो, आणि दोघांपैकी कुणीही एक अक्षर बोललं नाही.